गोटीराम कुत्रा देण्याआधी घर बघायचा

मला गोटीरामने कुत्रा दिला नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी त्याच्याबद्दल जे लिहीन त्यात माझा राग किती आणि खरं किती, ते वाचणाऱ्याने आपलं आपण ठरवावं.

१९५६ च्या जूनमध्ये माझी बदली सानपाड्याच्या शाळेवर झाली. तेव्हाचं सानपाडा म्हणजे ऐंशी-नव्वद घरं, पुढे भाताची खाचरं, त्यापुढे मिठागरं आणि मग खाडी. शाळा एका खोलीची आणि तिला टेकून मास्तरची खोली, दोन्ही गावाच्या अगदी टोकाला. संध्याकाळ झाली की खारफुटीतून कोल्हे ओरडायचे. मी साताऱ्याकडचा, एकटा जीव. कुत्रा असावा असं वाटलं. ज्याला विचारावं तो म्हणे, "गोटीरामला इचारा. त्यानं दिला तर कुत्रा, नायतर नाय."

गोटीराम आला. पन्नाशीचा, काटक, मिठाच्या पाण्याने पावलं पांढरी पडलेली, चिरा गेलेल्या. आल्या आल्या बसला नाही. चूल बघितली, चुलीतली राख बोटाने उकरून बघितली, मडक्यात डोकावला. मला वाटलं हा कुत्रा द्यायला आलाय की झडतीला.

"मास्तर, दुपारी जेवता?"

"शाळा असते. सकाळचं काही असेल तर खातो."

"आनि राती?"

"कधी करतो. कधी विमलबाई डबा देतात." विमलबाई म्हणजे शाळेसमोर राहणारी एक बाई, माझी कीव करणारी.

"सुटीला गावाला जाता?"

"जातो की. दिवाळीत, उन्हाळ्यात."

"मंग कुत्र्याला कोन घालनार? शाला?"

मी काही बोलायच्या आत तो दाराशी पोचला होता. "तुमच्याकडं कुत्रा नको, मास्तर. तुमीच अजून दुसऱ्याच्या दारात जेवता."

हे वाक्य त्याने माझ्या तोंडावर म्हटलं, आणि संध्याकाळपर्यंत गावाच्या तोंडी झालं. महिनाभर मी त्याच्याशी बोललो नाही. त्याला त्याचा पत्ताही नव्हता, कारण तो तसाही कुणाशी फारसा बोलत नसे.

या माणसाचा कशावरही विश्वास नव्हता. चहा पुढे केला तर आधी वास घ्यायचा. चपला घालताना झटकून घ्यायचा, एकदा नाही, दोनदा. मी वर्तमानपत्र वाचून दाखवत असलो की मध्येच विचारायचा, "हे लिवनाऱ्यानं सोता बघितलं का?" मिठाच्या हंगामात तो मिठागरावर राखणदार असे. मार्गशीर्ष उलटला की वैशाखापर्यंत बांधावरच्या झोपडीत मुक्काम; पावसाळ्यात स्वतःची दीड एकर भातशेती. राखणदाराला संशय हवाच, पण याचा संशय हंगाम संपला तरी संपत नसे.

कुत्र्यांचा नाद त्याला मिठागरावरच लागला. त्याच्याकडे काळी नावाची गावठी कुत्री होती, तिची पिल्लं. शिवाय भातं कापून झाली की देशावरून धनगर मेंढरं घेऊन उतरत, महाप्याच्या माळावर बसत; त्यांच्याकडून तो दांडगी, केसाळ पिल्लं आणायचा. आणि मिठागराच्या मालकाच्या बंगल्यावर एक साहेबी कुत्री होती, उभ्या कानांची. तिची पिल्लं मालक वाटून टाके, त्यातलंही एखादं गोटीरामकडे यायचं. अशी तीन जातींची पिल्लं त्याच्या अंगणात एकाच परातीत तोंड घालत. वाशीपासून तुर्भ्यापर्यंतचे लोक कुत्र्यासाठी त्याच्याकडे येत.

लोक आले की तो पिल्लू उचलायचा, जबडा उघडून टाळू काळी आहे का बघायचा, नखं मोजायचा. वीस भरली तर गंभीरपणे मान हलवायचा. मी एकदा विचारलं, "यात काही तथ्य आहे का रे?" तोवर आमचा अबोला संपला होता.

"कसलं तथ्य, मास्तर. टालू बघितली की लोकांना बरं वाटतं. कुत्रा कनचाबी चांगलाच असतो. घर बघायला लागतं."

आणि तो घर बघायचा. खरोखर बघायचा. वाशीच्या हिरामण कोळ्याला गावठी पिल्लू हवं होतं, काळीचंच. गोटीराम त्याच्या अंगणात गेला, वाळत घातलेले बोंबील बघितले आणि म्हणाला, "खाडीवरचं पिल्लू चिखलातली निवट्या मासली खाऊन वाढलंय. ते तुझे बोंबील राखंल का खाईल?" आणि त्याला धनगरी पिल्लू दिलं, ज्याने मासळीचा वासही कधी घेतला नव्हता. तुर्भ्याच्या शिवाला साहेबी कुत्रा पाहिजे होता, उभ्या कानांचा. घर बघून आल्यावर गोटीराम म्हणाला, "पाव्हन्यांना दाखवायचाच हाय तर घड्याल घे. त्याला दिवसातून एकदाच चावी लागते." म्हातारी सखू एकटी राहायची, तिला चावरा कुत्रा हवा होता. त्याने तिला एक आठ वर्षांचा, निम्मा बहिरा, शांत कुत्रा नेऊन दिला. पिल्लू पायात घोटाळलं असतं आणि म्हातारी पडली असती. तिला राखण नको होती, सोबत हवी होती, हे तिला स्वतःला कळायच्या आधी त्याला कळलं.

त्याची खरी परीक्षा मात्र जेवणाची. ज्या घरी कुत्रा द्यायचा तिथे तो एक वेळ जेवायला बसे. जेवून हात धुतले तरी उठत नसे. पान जमवत, इकडचं तिकडचं बोलत पडवीत न जाता चुलीच्या समोरच बसून राही. सगळे पुरुष जेवले, पोरं जेवली, म्हातारी जेवली, आणि घरातली शेवटची बाई जेवून उठली, की मग तो उठायचा आणि सरळ जाऊन टोप तिरकं करून बघायचा. तळाला काही उरलेलं असलं तर कुत्रा मिळे. नसलं तर नाही.

"कुत्र्याला कोनी ताट वाढत नाय, मास्तर," तो मला म्हणाला. "शेवटच्या बाईच्या मागं जे उरतं ते त्याचं. तिलाच पुरत नसंल तर कुत्रा काय खानार?"

बायका लाजत, पुरुष चिडत. एकाने तर त्याला ढकलून बाहेर काढलं होतं. पण त्याने नेम सोडला नाही. माझ्या मोजणीने त्याने अशी सत्तावीस घरं बघितली, आणि त्यातल्या अकरांना नकार दिला. मी धरून बारा.

आता कमळीचं सांगतो. गोटीरामची एकुलती एक मुलगी. खरं तर पिल्लं वाढवली तिने. गोटीराम मिठागरावर असायचा, आणि ही परातीत भाकरी कुस्करून पेज ओतायची, अशक्त पिल्लाला मांडीवर घेऊन बोटाने भरवायची. गोटीरामची बायको येसूबाई म्हणायची, "हिला पोरं होतील तवा काय करील? आताच सात हायत." कमळी माझ्या शाळेत कधी आली नाही, पण खिडकीबाहेर उभी राहून बाराखडी शिकून गेली. मी बघून न बघितल्यासारखं केलं.

१९५८ च्या चैत्रात तिचं लग्न ठरलं. ठरवलं गोटीरामच्या थोरल्या भावाने, चांगदेवने. तेव्हा मिठागराचा शेवटचा महिना, वाफ्यांत मीठ धरलेलं, राशी उघड्यावर. राखणदाराने बांध सोडायचा प्रश्नच नव्हता. चांगदेव महाप्याला जाऊन आला, बांधावर उभा राहिला आणि म्हणाला, "तुलशीरामाचा नामदेव. कौलारू घर हाय, दोन जोड्या बैल, भाताच्या कनग्या भरलेल्या. आनि काय पायजेल?" गोटीराम म्हणाला, "तू बघितलंस ना?" चांगदेव म्हणाला, "बघितलं." ज्या माणसाने वर्तमानपत्रावर विश्वास ठेवला नाही, त्याने भावाच्या एका शब्दावर ठेवला. वैशाखात लग्न झालं. लग्न मुलीच्या दारात, वऱ्हाड महाप्याहून आलं, जेवलं, नवरी घेऊन गेलं.

पुढे मुलीकडे जायचं तर त्यांचा रिवाज आडवा आला. मुलीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या सासरी पाणीसुद्धा प्यायचं नाही. आणि पाणी प्यायचं नाही त्या घरी जाऊन बसणार किती वेळ? गोटीराम दोनदा महाप्याच्या वेशीपर्यंत गेला, कुणाच्या तरी हाती वाल आणि सुकट पाठवली आणि परत आला. अडीच वर्षांत कमळीला मूल झालं नाही. म्हणून अडीच वर्षांत त्याने ते घर आतून बघितलंच नाही.

१९६० च्या गौरी-गणपतीला कमळी माहेरी आली. मी ऋषीच्या भाजीसाठी त्यांच्याकडे होतो. कमळी वाळली होती. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. जेवायला बसली ती ताटाला डाव्या हाताचा वेढा घालून, मान खाली, घाईघाईने. आणि उठताना अर्धी भाकरी पदरात घेतली. येसूबाईने ते बघितलं. मीही बघितलं. गोटीराम तर समोरच बसला होता.

आळीतल्या बायकांनी लगेच निकाल लावला, "दोन जीवांची हाय. भूक लागते." गोटीराम मला दुसऱ्या दिवशी म्हणाला, "दिवस गेले असतील. नाय का, मास्तर?" मी त्याच्याकडे बघत राहिलो. प्रत्येक गोष्टीत खोट काढणारा हा माणूस मला चक्क विनवत होता, की मास्तर, हो म्हणा. मला राग आला, आणि तरी मी म्हटलं, "असतील." मी तेव्हा खोटं बोललो, हे मला अजून टोचतं.

दिवस गेले नव्हते. कार्तिक सरला, आणि एका सकाळी नामदेव, त्याचा जावई, सानपाड्यात येऊन उभा राहिला. मुलगा तसा वाईट दिसायला नव्हता. खाली बघून बोलायची खोड होती. मी तिथेच होतो, गोटीरामच्या अंगणात, त्याच्या शेताच्या कागदावर काय लिहिलंय ते त्याला वाचून दाखवत होतो.

"मामा, एक कुत्रा पायजेल."

"कसाला?"

"घरात चोरी होते."

गोटीराम सरळ होऊन बसला. "काय जातं?"

"भाकर जाते. शिंक्यावरच्या भाकऱ्या मोजून ठेवल्या तर सकालला एक कमी. कवा गूल जातो. परवा सुकट गेली मूठभर."

"भात? भांडी? बैलाचं दावं?"

"नाय. तसलं कायच नाय."

मी म्हटलं, "असला कसला चोर? कणगी सोडून भाकरी नेतो?" नामदेवने माझ्याकडे बघितलं आणि परत जमिनीकडे.

"आय म्हनते कुत्रा चावरा पायजेल. घरच्यांवरपन भुंकंल असा. गावठी नको, तो भाकर दिली की गप ऱ्हातो. धनगरी द्या."

"बांधनार कुठं?"

"चुलीच्या दारात."

अंगणात पिल्लं एकमेकांचे कान ओढत होती. गोटीरामचा चेहरा मी बघितला, आणि पहिल्यांदाच मला त्याच्या चेहऱ्यावर संशय दिसला नाही. संशय माणसाला जोवर खात्री नसते तोवर असतो.

"घर बघाला लागंल," तो म्हणाला. "माझा नेम हाय. एक वखत जेवीन, मंग कुत्रा."

नामदेव गोंधळला. "पन मामा, तुमी आमच्यात कसं जेवनार? अजून तर..."

"सासरा येत नाय, बाबा. कुत्रेवाला येतो."

रविवारी आम्ही निघालो. मला का नेलं? तो म्हणाला, "तुमी मला आवडत नाय, ते सगल्यांना म्हाईत हाय. तुमी माझ्या बाजूनं खोटं बोललात असं कोन म्हननार नाय." हिशेब बरोबर होता, म्हणून मी गेलो. तुर्भ्यावरून बेलापूर रस्त्याने महाप्यापर्यंत अडीच तास चाललो. त्याने टोपलीत एक धनगरी पिल्लू घेतलं होतं, करडं, पंजे मोठे. वेशीशी आल्यावर थांबला, टोपली खाली ठेवली, चपला झटकल्या. दोनदा.

घर चांगदेवने सांगितलं तसंच होतं. कौलारू. पडवीत भाताच्या तीन कणग्या, शेणाने लिंपलेल्या, भरलेल्या. दोन नव्हे, तीन जोड्या बैल. तुळशीराम, कमळीचा सासरा, खाटेवर तंबाखू मळत होता. तो या सगळ्या गोष्टीत शेवटपर्यंत तंबाखूच मळत राहिला. कमळीची सासू पुतळाबाई दारात उभी होती. ठसठशीत बाई, कमरेला किल्ल्या. बोलायला तिखट.

"व्याही, जेवाल ना आमच्यात? आमी नातवाचं तोंड बघितलं नाय अजून, तुमी घास कसा गिलनार?"

"बाप वेशीवर बसलाय," गोटीराम म्हणाला. "कुत्रेवाल्याला वाढा."

पुतळाबाई हसली. मला ते हसणं आवडलं नाही, पण मला त्या घरातलं काहीच आवडत नव्हतं, अगदी कणग्यासुद्धा.

कमळीने वाढलं. तिने बापाकडे बघितलं नाही, वाटीत कालवण ओतताना मात्र थोडं सांडलं. तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं कालवण, तळलेल्या निवट्या. अन्न भरपूर होतं आणि चांगलं होतं, हे मी मुद्दाम लिहितो. गोटीराम सावकाश जेवला. पाण्याचा तांब्या उचलला तेव्हा त्याचा हात एकदा तोंडाजवळ थांबला. मग तो पाणी प्यायला. रिवाज पुरता मोडला तो त्या घोटाला.

तुळशीराम, नामदेव आणि मी उठलो. गोटीराम चुलीसमोरच बसून राहिला.

"व्याही, पडवीत बसा की. पान खावा."

"बरा हाय हितंच."

मी दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिलो. पुतळाबाई जेवायला बसली. पोटभर जेवली. मग उठली, टोपलीतल्या भाकऱ्या मोजल्या, फडक्यात बांधल्या आणि भिंतीतल्या कपाटात ठेवून किल्ली फिरवली. शिंक्यावरून चोरी व्हायला लागल्यापासून ही नवी तजवीज. निवट्यांची थाळीही आत गेली. कमळीसमोर एक अर्धी भाकरी आणि कालवणाची तवली राहिली. ती बापाकडे पाठ करून बसली.

गोटीरामने टोपलीतलं पिल्लू काढलं आणि जमिनीवर सोडलं.

पिल्लू लुटुलुटु चालत गेलं, तवलीत तोंड घातलं, तळ चाटला आणि तोंड बाहेर काढलं. मग ते कमळीकडे गेलं. तिच्या हातात अर्धी भाकरी होती. तिने ती मोडली, चतकोर पिल्लाला दिली आणि उरलेली तोंडात घातली. विचार करून नाही. सवयीने. आमच्या सगळ्यांसमोर.

गोटीराम उठला. टोप तिरकं केलं. तवली उचलून उजेडात धरली. नामदेव तोवर आत आला होता. गोटीरामने तवली त्याच्यासमोर धरली.

"कुत्र्याला काय घालनार, जावयबापू?"

"उरलंसुरलं."

"दाव काय उरलंय."

नामदेवने तवलीत बघितलं. मग बायकोकडे बघितलं, आणि मला वाटतं त्याने अडीच वर्षांत पहिल्यांदाच बघितलं. "आये," तो म्हणाला.

पुतळाबाईचा आवाज चढला. "कसाला घालायचं तिला? कामाला हात चालत नाय, कूस उजवत नाय. चोरून खाते ती खातेच! आमी काय आंधले हाव? म्हनून तर कुत्रा..." आणि तिथे ती थांबली. तिने स्वतःच्या तोंडाने चोर दाखवला होता.

गोटीरामने पिल्लू उचलून टोपलीत ठेवलं. "ह्या घरात कुत्रा जगनार नाय," तो म्हणाला. मोठ्याने नाही. मिठागरावर ज्या आवाजात तो आम्हाला सांगायचा की इकडून जाऊ नका, बांध कच्चा आहे, त्या आवाजात. मग पोरीकडे वळला.

"कमले, लुगडी घे."

ती हलली नाही. घाबरली होती.

"सत्तावीस घरं बघितली मी कुत्र्यांची," तो म्हणाला, आणि आता त्याचा आवाज फुटला. "तुझं नाय बघितलं, बाय. चल."

नामदेव आडवा आला नाही. हे त्याच्या बाजूने लिहायचं की विरुद्ध, मला अजून ठरवता आलेलं नाही. पुतळाबाई शिव्या देत वेशीपर्यंत आली. तुळशीराम तंबाखू मळत होता.

पुढे पंच बसले, महाप्याचे आणि सानपाड्याचे, तीनदा. मी साक्ष दिली. पंचांनी काहीही विचारलं की गोटीराम एकच उत्तर द्यायचा, "जाऊन टोप बघा." शेवटी सोडचिठ्ठी झाली. चार वर्षांनी कमळीने पाट लावला, घणसोलीला. ते घर गोटीराम तीनदा बघून आला, एकदा न सांगता. पण ते सगळं नंतरचं. मला सांगायचंय ते त्याच रविवारचं.

ऊन कलताना आम्ही सानपाड्याला पोचलो. येसूबाई अंगणात भात पाखडत होती. मुलगी गाठोडं घेऊन बापामागे येतेय हे तिने बघितलं आणि सूप खाली ठेवलं. आत गेली, चूल पेटवली. भाकऱ्या थापायचा आवाज आला. मला म्हणाली, "मास्तर, तुमीपन बसा." मी बसलो, कारण मला खूप भूक लागली होती आणि त्या दुसऱ्या घरातलं जेवण मला जेवल्यासारखं वाटलं नव्हतं.

आम्ही तिघं जेवायला बसलो. येसूबाई वाढत होती. कमळीने सवयीने ताटाला हाताचा वेढा घातला.

"हात काढ, बाय," येसूबाई म्हणाली. "कोन नेत नाय."

कमळीने हात काढला. चार भाकऱ्या खाल्ल्या. येसूबाई वाढत राहिली, मलाही आग्रह करत राहिली, आणि मी लाजायचं सोडून खात राहिलो. गोटीराम उठून हात धुवायला दारात गेला. तांब्या त्याच्या हातात होता, तेव्हा कमळीने विचारलं,

"आये, तू जेवलीस?"

"मी जेवले मगाशीच."

साधं वाक्य. त्या घरात रोज म्हटलं जात असणार. लग्नाला तीस वर्षं झाली होती, म्हणजे गोटीरामने ते किती हजार वेळा ऐकलं असेल. पण तो दारात थांबला. तांब्या खाली ठेवला. परत आत आला आणि भाकऱ्यांच्या टोपलीवरचं फडकं उचललं. टोपली रिकामी होती. त्याने तवलीकडे हात नेला, तशी येसूबाईने ती हिसकावून घेतली. मी तिला कधी चिडलेलं बघितलं नव्हतं.

"माझ्या घरात कसाला बघता? मी काय कुत्रा मागितलाय?"

सत्तावीस घरांत शेवटच्या बाईमागे काय उरतं ते बघणारा माणूस, आणि स्वतःच्या घरात तो रोज हात धुऊन उठून जायचा. मी माझ्या ताटातल्या भाकरीकडे बघितलं. ती तिची होती. अर्धी खाऊन झाली होती, आता परत देताही येत नव्हती.

कमळी उठली. पिठाच्या मडक्यात हात घातला, तळापर्यंत. चुलीत काटक्या सारल्या आणि भाकरी थापायला बसली. गोटीराम खाली बसला, बायकोच्या समोर, आणि म्हणाला, "बस. मी हितंच हाय."

"तुमी जावा की भायेर."

"नाय जात."

मग आम्ही तिघंही बसून राहिलो, कुत्र्याचं ते करडं पिल्लू कमळीच्या मांडीला टेकून झोपलेलं. भाकरी झाली. येसूबाईने ती घेतली, आमच्याकडे पाठ केली आणि खाल्ली. कुणी बघत असताना जेवायची तिला सवय नव्हती.